सोडियम १४९, एनएलआर १०: ब्रेन हॅमरेजमधले रक्ताचे रिपोर्ट कसे वाचायचे

डिचोलीहून एका मुलाने विचारले आहे. वडील ६२ वर्षांचे, बीपीच्या गोळ्या मनाला येईल तेव्हा घेणारे. पाच दिवसांपूर्वी पहाटे न्हाणीघरात पडले, डावा हात-पाय लुळा पडला. सीटीमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूला खोल भागात २२ मिलिलिटर रक्त, मेंदूच्या पोकळ्यांत उतरलेले नाही. आणले तेव्हा जीसीएस, म्हणजे शुद्ध किती आहे त्याचे १५ पैकी गुण, ११, आज १२. रोजच्या रिपोर्टांचे फोटो हा मुलगा दुबईतल्या चुलतभावाला पाठवतो. भावाने कालच्या कागदावर तीन गोल केले: सोडियम १४९, न्यूट्रोफिल ८४ आणि लिम्फोसाइट ८ (दोन्ही पांढऱ्या पेशींचे प्रकार) म्हणजे त्यांचा भागाकार, एनएलआर, १० च्या वर, आणि गुठळीची खूण असलेले डी-डायमर खूप जास्त. शिवाय जीएफएपी आणि एनएफएल या मेंदूच्या इजेच्या नव्या रक्तचाचण्या बाहेरून करून घ्या, त्यांतून बाबा वाचणार की नाही ते कळेल, असेही सांगितले. मुलगा विचारतो, खर्च करू का? आणि शेवटी एक ओळ: आई म्हणते, दोन चमचे पेज भरवली तर चालेल का?

मूळची मी भूलतज्ज्ञ. गेली सतरा-अठरा वर्षे मेंदूच्या रुग्णांच्या आयसीयूत काम करते, त्यातली बहुतेक गोव्यातच. तुमच्या वडिलांना मी तपासलेले नाही, सीटीही पाहिलेला नाही. तेव्हा खाटेपाशी उभे असलेले डॉक्टर वेगळे काही सांगत असतील तर त्यांचे खरे धरा.

आधी उत्तर देऊन टाकते. जीएफएपी आणि एनएफएल आता करू नका. डी-डायमरवरचा गोल खोडा. एनएलआरवर एकट्याने काही ठरत नाही. सोडियम १४९ बहुधा डॉक्टरांनीच मुद्दाम चढवले आहे. मला खटकलेला आकडा वेगळाच आहे आणि त्यावर भावाने गोल केलेला नाही: मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिॲटिनिन पहिल्या दिवशी ०.९ होते, काल १.५ झाले. आणि पेज नको, अजून नको.

आता कारणे. तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. नुकसान किती झाले, पुढे काय बिघडू शकते, आणि बाबा वाचतील का. रक्ताचे रिपोर्ट यांतल्या मधल्या प्रश्नाला चांगले उत्तर देतात. पहिल्याला अर्धेमुर्धे. तिसऱ्याला देतात असे वाटते, तिथेच घोटाळा होतो.

नुकसान किती, हे सांगणारा कागद तुमच्याकडे आहेच, तो सीटीचा. गाठीची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, गुणाकार करायचा, दोनाने भागायचे, की मिलिलिटरमध्ये अंदाज येतो. २००१ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉक्टरांनी यावर एक साधा हिशेब मांडला, तो आजही जगभर वापरतात. जीसीएस ५ ते १२ असेल तर १ गुण, ३-४ असेल तर २. रक्त ३० मिलिलिटर किंवा जास्त असेल तर १, पोकळ्यांत उतरले असेल तर १, मेंदूच्या खालच्या भागात म्हणजे लहान मेंदूत किंवा मेंदूदेठात असेल तर १, वय ८० किंवा पुढे असेल तर १. तुमच्या वडिलांची बेरीज १ येते. मूळच्या १५२ रुग्णांत १ गुणवाल्यांपैकी १३ टक्के महिन्याभरात दगावले होते, ३ गुणवाल्यांपैकी ७२ टक्के. आकडे सांगितले कारण तुम्ही ते शोधून काढणारच. पण ते गटाचे आहेत, एका माणसाचे नाहीत. शिवाय त्यांत एक खोट आहे. ज्यांचे गुण जास्त, त्यांचे उपचार लोक लवकर थांबवतात, मग ते जातात, आणि आकडा खरा ठरतो. म्हणूनच अमेरिकेच्या २०२२ च्या मार्गदर्शनात म्हटले आहे की घरच्यांनी आधीच तसे ठरवलेले नसेल, तर उपचार आवरते घेण्याचा निर्णय निदान दुसरा पूर्ण दिवस जाईपर्यंत पुढे ढकला. या हिशेबात रक्ताची एकही चाचणी नाही, हेही पाहा.

मग जीएफएपी कशासाठी? मेंदूत चेतापेशींना आधार देणाऱ्या ताऱ्याच्या आकाराच्या पेशी असतात. त्यांच्या आतल्या सांगाड्याचे प्रथिन म्हणजे जीएफएपी. रक्तवाहिनी फुटली की उसळलेले रक्त या पेशी फाडत जाते आणि प्रथिन पहिल्या तास-दोन तासांतच रक्तात दिसू लागते. रक्तवाहिनी बुजून झटका आला, तर त्याच पेशी सावकाश मरतात आणि प्रथिन वाढायला बरेच तास लागतात. या वेळेच्या फरकातच चाचणीची सगळी किंमत आहे. काणकोणहून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजपर्यंत साठ-पासष्ट किलोमीटर येणाऱ्या १०८ मध्ये, सीटी दूर असताना, हा झटका फुटण्याचा की बुजण्याचा एवढे कळले तर फार मोठी गोष्ट होईल. २०२४ साली चीनमधला एक मोठा अभ्यास आला. झटका आलेल्यांचे बीपी रुग्णवाहिकेतच उतरवले तर काय होते ते त्यांनी पाहिले. रक्तस्राव झालेल्यांना फायदा झाला, वाहिनी बुजलेल्यांचे नुकसान झाले, आणि सगळे मिळून बेरीज शून्य. कोण कोणता हे आधी कळायला हवे होते, आणि जीएफएपीची खरी जागा तिथे आहे. तुमच्या वडिलांच्या बाबतीत ते पाच दिवसांपूर्वी सीटीने सांगून झाले. आता जीएफएपी मागवणे म्हणजे चूल समोर पेटलेली दिसत असताना धुरावरून आगीचा अंदाज बांधणे.

चुलतभावाने वाचलेला लेख बहुधा दुसऱ्याच गोष्टीबद्दल असावा. २०१८ साली अमेरिकेत जीएफएपी आणि यूसीएच-एल१ (चेतापेशींतले एक प्रथिन) या जोडीच्या रक्तचाचणीला मान्यता मिळाली, ती डोक्याला साधा मार लागलेल्या प्रौढांसाठी, पहिल्या १२ तासांत. दुचाकीवरून पडला, शुद्धीत आहे, बोलतो आहे, त्याला सीटीची गरज आहे की नाही, एवढेच ती सांगते. दोन्ही कमी असतील तर सीटीत रक्त दिसण्याची शक्यता अगदी थोडी. किती गंभीर आहे किंवा वाचेल का, हे विचारायला ती चाचणी काढलेलीच नाही.

एनएफएलचे वेगळे आहे. ते चेतातंतूंच्या आतल्या बारीक धाग्यांचे प्रथिन. ते दिवसादिवसाने, आठवड्या-आठवड्याने वाढते आणि बरेच महिने रेंगाळते. मोठ्या गटांत पाहिले तर ज्यांचे एनएफएल जास्त, त्यांना पुढे अपंगत्व जास्त, हे खरे आहे. पण ते वयाबरोबर वाढते, मधुमेहाने पायांच्या नसा गेल्या असतील तर वाढते, आणि मूत्रपिंड मंदावले की रक्तात साठून वाढते. वडिलांचे क्रिॲटिनिन १.५ आहे. उद्या एनएफएल जास्त आले तर त्यातला वाटा मेंदूचा किती आणि मूत्रपिंडाचा किती, हे कोण सांगणार? आणि समजा सांगता आले, तरी औषध कोणते बदलणार? चाचणी लिहिताना मी स्वतःला हाच प्रश्न विचारते: आकडा जास्त आला तर पुढच्या तासात मी वेगळे काय करीन? उत्तर नसेल तर सुई टोचत नाही. संशोधनासाठी असेल तर गोष्ट निराळी.

आता ज्या चाचण्यांनी खरोखर माणसे वाचतात त्या. त्या जुन्या आणि स्वस्त आहेत, आणि त्यांच्यावर कोणी लेख पाठवत नाही.

पहिल्या तासातली राणी म्हणजे आयएनआर, रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचे माप. साधारण तिघांतल्या एकाची गाठ पहिल्या काही तासांत वाढते, आणि रक्त पातळ असेल तर ती वाढतच राहते. एक प्रसंग सांगते. पन्नाशीचा माणूस, बेशुद्ध, घरचे ठासून सांगत होते की कसलीही गोळी चालू नाही. प्रयोगशाळेतून फोन आला, आयएनआर ६ च्या वर. तेव्हा बायकोला आठवले, "ती हृदयाची अर्धी गोळी घेतात, ती धरायची काय?" बऱ्याच वर्षांपूर्वी झडप बदललेली, त्यासाठीची रक्त पातळ करणारी गोळी. त्यात जुलाबासाठी आठवडाभर मेट्रोनिडाझोल हे जंतुनाशक घेतलेले, जे या गोळीचा जोर वाढवते. व्हिटॅमिन के आणि गोठण घटकांचे इंजेक्शन देऊन आयएनआर उतरवला, पण गेलेली पाऊण तासाची वेळ परत आली नाही. कोणाला झटका आला तर घरातली गोळ्यांची सगळी पाकिटे पिशवीत भरून आणा, रिकामी असली तरी. अपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन यांसारख्या रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांत तर आयएनआर जवळजवळ नॉर्मल येऊ शकतो. तिथे रक्त गप्प बसते आणि पाकीट बोलते.

प्लेटलेटचे थोडक्यात. पावसाळ्यात डेंग्यू, आणि रोज पिणाऱ्यांचे यकृत, या दोन्हींमुळे आपल्याकडे प्लेटलेट कमी असलेले रुग्ण येतात, त्यांना पाहून प्लेटलेट द्यावे लागतात. पण ॲस्पिरिन चालू आहे एवढ्यासाठी देऊ नयेत. २०१६ च्या एका चाचणीत ज्यांना दिले त्यांचे उलट जास्त वाईट झाले. साखरेचे म्हणाल तर २०२३ मध्ये आलेल्या देशव्यापी आयसीएमआर-इंडियाब पाहणीत मधुमेहाचे सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात निघाले, २६.४ टक्के. त्यामुळे साखर वाढलेली दिसली की ती झटक्याच्या ताणाने वाढली की आधीपासूनच होती, हे पाहायला आम्ही एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी चाचणी, जोडतोच. चढलेली साखर मेंदूला बाधते, म्हणून ती उतरवायची, पण फार खाली नेणेही तितकेच वाईट.

तुमचे वडील मात्र हा टप्पा ओलांडून आले आहेत. पाचव्या दिवशी गाठ वाढण्याची भीती मागे पडते आणि गाठीभोवतीच्या सुजेची पुढे येते. ती पहिल्या दोन-तीन दिवसांत झपाट्याने वाढते आणि नंतरही आठवडा-दोन आठवडे रेंगाळते. सूज उतरवायला मॅनिटॉल किंवा ३ टक्क्यांचे सलाईन देतात. रक्तातले मीठ वाढवले की मेंदूतले पाणी रक्ताकडे ओढले जाते. म्हणून सोडियम १४५ ते १५० च्या आसपास आम्ही हेतुपुरस्सर ठेवतो. छापील कागदाला हे माहीत नसते, तो १४५ च्या पुढे ठळक अक्षरांत लाल करतो. मीठ चढते आहे म्हणून घाबरून सलाईन थांबवायला सांगू नका. ते हळूहळूच उतरवायचे असते, एकदम सोडले तर सूज उलटते.

पण याच औषधांची किंमत मूत्रपिंड मोजते. मॅनिटॉल पाणी ओढून लघवीवाटे बाहेर काढते, शरीर कोरडे पडते. त्यात रक्तवाहिन्यांच्या सीटीसाठी रंगद्रव्य दिले असेल तर आणखी भर. ०.९ वरून १.५ ही वाढ लहान दिसते, मला ती लहान वाटत नाही. कदाचित डॉक्टरांनी मॅनिटॉल कमी केलेही असेल. विचारा.

सोडियम कमी होणे ही वेगळी आणि जास्त फसवी गोष्ट. मेंदूवरच्या आवरणाखाली धमनीचा फुगा फुटून रक्तस्राव होतो, त्या प्रकारात ती हटकून दिसते. तुमच्या वडिलांचा प्रकार तो नाही, पण रिपोर्ट कसा वाचायचा ते यात चांगले कळते. सत्तरीकडची एक बाई, फुगा क्लिप करून झालेला, सातवा दिवस. सोडियम १३८, मग १३४, मग १२९. सकाळी बहीण म्हणाली, "रुसली आहे, बोलत नाही." मी आकड्याआधी खाटेखालची लघवीची पिशवी पाहिली. पहाटे रिकामी केलेली, पुन्हा काठोकाठ. चोवीस तासांत पाच लिटर. मेंदूच्या दुखापतीने मूत्रपिंड मीठ धरून ठेवत नव्हते, आणि मिठामागे पाणी चालले होते. सोडियम कमी म्हटले की पाणी बंद करायचे, ही पुष्कळांची सवय. पण चौथ्या ते चौदाव्या दिवसांत अशा रुग्णांच्या मेंदूतल्या धमन्या आखडतात. त्यात शरीर कोरडे केले तर झटक्यावर झटका. तिला मीठही द्यायचे होते आणि पाणीही. दोन दिवसांनी ती बहिणीवर खेकसली, तेव्हा आम्हाला हायसे वाटले. आकडा १२९ तोच, पण पिशवी पाहिली नसती तर उपचार उलटा झाला असता.

आता तुमचे एनएलआर. ८४ ला ८ ने भागले, साडेदहा. शरीरावर मोठा ताण आला की कॉर्टिसोल आणि ॲड्रेनलिनच्या जोरावर न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात. मेंदूतला रक्तस्राव याहून मोठा ताण कोणता? ज्यांचे एनएलआर जास्त त्यांचे परिणाम वाईट, असे बऱ्याच अभ्यासांत दिसते. पण छातीत कफ धरला, लघवीच्या नळीतून जंतू गेले, कोणी स्टेरॉइड दिले, तरीही ते असेच वाढते. म्हणून मी एक आकडा पाहत नाही, रेघ पाहते. पहिल्या दिवशी १२, मग ९, मग ७ असे उतरत असेल तर ठीक. उतरून पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा चढू लागले, की मी मेंदू सोडून छाती ऐकते, ताप पाहते, सीआरपी आणि प्रोकॅल्सिटोनिन या जंतुसंसर्गाचा माग काढणाऱ्या चाचण्या पाठवते. तुमच्याकडे पाचही दिवसांचे कागद आहेत. एका ओळीत मांडा आणि मग बोला.

डी-डायमर गुठळी विरघळल्यावर वाढते. वडिलांच्या डोक्यात पाच दिवसांची गुठळी आहे, ती वाढणारच. पायात गुठळी झाली का हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी डावा पाय पाहा. उजव्यापेक्षा सुजलेला, गरम आहे का? असेल तर सांगा, डॉपलर म्हणजे पायातल्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी करतील. हृदयाच्या इजेची खूण असलेल्या ट्रोपोनिनचेही असेच. मेंदूतल्या रक्तस्रावाने हृदयाला धक्का बसून ते वाढू शकते. ते पाहून हार्ट ॲटॅक समजून कोणी ॲस्पिरिन दिले तर अनर्थ होईल.

आणि हो, सॅम्पल कुठून घेतले हेही विचारात घ्यावे लागते. मी पूर्वी काम करत होते तिथे रात्री एकदा साखर ४८० आली. रेसिडेंट इन्सुलिन भरत होता. मी दुसऱ्या हाताच्या बोटातून ग्लुकोमीटरवर पाहिली तर १३२. रक्त ज्या हातातून काढले त्याच हातात डेक्स्ट्रोज चालू होते. त्या रात्री इन्सुलिन गेले असते तर सकाळी आम्ही रुग्ण का जागा होत नाही म्हणून पुन्हा सीटी करत बसलो असतो. रुग्णाशी न जुळणारा आकडा दिसला की आधी पुन्हा रक्त काढायचे, हा आमच्याकडचा तेव्हापासूनचा नियम.

तेव्हा आज संध्याकाळी भेटीच्या वेळी फोनमधले गोल दाखवू नका, एवढेच विचारा. क्रिॲटिनिन वाढले आहे, मॅनिटॉलचे काय ठरले? सोडियम किती दिवस वर ठेवणार? सीटी पुन्हा केला का, सूज मध्यरेषा ढकलते आहे का? ताप आणि छाती कशी आहे? गुठळी होऊ नये म्हणून पायांना हवेचे पट्टे किंवा कमी मात्रेचे हेपरिन सुरू केले का? आणि गिळण्याची तपासणी झाली का?

हा शेवटचा प्रश्न आईसाठी. अर्धांगात घशाची एक बाजूही मंदावते. पेज पातळ असते, ती न ठसकता श्वासनळीत उतरू शकते, आणि तुम्हाला वाटते की बाबांनी छान गिळली. आमच्याकडे एका आजोबांचे सीआरपी असेच एका रात्रीत चढले, एनएलआर पुन्हा वर गेले, आम्ही नळ्या बदलल्या, कल्चर पाठवले, कारण सापडेना. तिसऱ्या दिवशी आजी रडत रडत म्हणाली की पडदा ओढून तिने शहाळ्याचे चार चमचे दिले होते, उपाशी आहेत म्हणून. नाकातल्या नळीतून त्यांना त्या दिवशी पोटभर अन्न जात होते, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. तुमच्या आईला ते सांगा. आणि पेज द्यायची वेळ येईल तेव्हा आधी घट्ट, चमच्याला धरून राहील अशी, बाबांना बसते करून, गिळणे तपासणारा थेरपिस्ट समोर असताना.